शिक्का होता, यादी नव्हती : न्हावा शेवा बंदर, जून २०१७

मंगळवार, २७ जून २०१७. त्या संध्याकाळी न्हावा शेव्याचे एक टर्मिनल थांबले. क्रेन शाबूत होत्या, वीज होती, कस्टम्सची परवानगी मिळालेला माल यार्डात उभा होता. तरी कंटेनर बाहेर निघेना की आत येईना. गेटवे टर्मिनल्स इंडिया, म्हणजे बंदर भागात ज्याला सगळे नुसते ‘जीटीआय’ म्हणतात, त्या टर्मिनलची संगणक यंत्रणा बंद पडली होती. ती पाडली होती युक्रेनवर सोडलेल्या एका व्हायरसने.

टर्मिनल लहानसहान नव्हते. आराखड्यातली क्षमता वर्षाला १८ लाख टीईयू, म्हणजे वीसफुटी कंटेनरच्या हिशोबात १८ लाख नग. २०१६-१७ मध्ये जेएनपीटीच्या, म्हणजे न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या, सगळ्या टर्मिनलांनी मिळून सुमारे ४५ लाख टीईयू हाताळले होते आणि देशातल्या मेजर बंदरांमधून, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतल्या मोठ्या बंदरांमधून, जाणाऱ्या कंटेनरांपैकी निम्म्याहून अधिक याच बंदरातून जात होते. त्यामुळे जीटीआय थांबणे ही एका कंपनीची अडचण राहिली नाही. तळोज्याचा कारखानदार, भिवंडीचा गोदामवाला, नाशिकचा निर्यातदार अशा सगळ्यांचा माल त्या कुंपणाआड होता.

जागतिकीकरण आणि राष्ट्राचे सार्वभौमत्व हा विषय निघाला की बोलणे जागतिक व्यापार संघटना, नाणेनिधीच्या अटी, परकीय गुंतवणुकीची टक्केवारी यांकडे वळते. न्हावा शेव्याचे प्रकरण वेगळ्या जागी बोट ठेवते. इथे कुठला तह मोडला नाही, कायदा बदलला नाही, भारतावर कुणी चालून आले नाही. दिल्लीचे अधिकार कागदावर होते तसेच राहिले. फक्त कोणता कंटेनर यार्डात कुठे उभा आहे हे सांगणारी यादी सरकारच्या हातात नव्हती, आणि तिच्याविना ते अधिकार गेटपर्यंत पोहोचत नव्हते.

व्हायरस कुठून आला

युक्रेनमध्ये कंपन्यांचे कर भरण्यासाठी ‘एम ई डॉक’ नावाचे लेखा सॉफ्टवेअर सर्रास वापरले जाई. हल्लेखोरांनी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा अपडेट पाठवणारा सर्व्हरच ताब्यात घेतला आणि युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदल्या दिवशी अपडेटच्या वेषात ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस सोडला. ज्याचा युक्रेनशी व्यवहार, त्याच्या संगणकावर हे सॉफ्टवेअर. मर्स्क ही डॅनिश जहाज कंपनी त्यांपैकी एक होती.

पुढचा प्रसार दोन वाटांनी झाला. पहिली वाट विंडोजमधल्या एका जुन्या भोकाची. ते वापरणारे ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार मुळात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे. ते चोरीला जाऊन एप्रिल २०१७ मध्ये उघड्यावर आले होते. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच त्यावर दुरुस्ती दिली होती, त्यामुळे ज्यांनी ती बसवली ते स्वतःला सुरक्षित समजत होते. पण दुसरी वाट त्यांच्यासाठीही उघडी होती. एका संगणकाच्या मेमरीत शिल्लक राहिलेला ॲडमिनचा पासवर्ड व्हायरस काढून घेई आणि तोच पासवर्ड वापरून शेजारच्या, दुरुस्त केलेल्या संगणकातही शिरे. ज्या कंपनीचे सगळे देश एकाच संगणकीय छताखाली, तिथे एक किल्ली सगळी दारे उघडी करत गेली.

पडद्यावर ३०० डॉलरच्या बिटकॉइनची मागणी दिसत होती. ती दिखाऊ होती. पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय व्हायरसमध्ये ठेवलेलीच नव्हती. उद्देश नासधूस हाच होता. मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. समूहाच्या एपीएम टर्मिनल्स या कंपनीच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ बाधित झाली, त्यांत जीटीआय हे एक. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचे कंपनीने स्वतः सांगितले.

युक्रेनचे कर सॉफ्टवेअर, अमेरिकेचे चोरीला गेलेले हत्यार, डेन्मार्कची कंपनी आणि उरण तालुक्यातले गेट. या साखळीतल्या एकाही कडीवर भारत सरकारची सत्ता चालत नव्हती, शेवटची सोडून. आणि तीही पूर्ण चालली नाही. कसे, ते समजायला टर्मिनलचे काम आतून पाहायला हवे.

क्रेन चालू असताना टर्मिनल का थांबते

जहाज येण्याआधी त्याची बे-प्लॅन फाइल येते. जहाजाच्या पोटात कोणत्या खणात कोणता कंटेनर, किती वजनाचा, कुठे उतरायचा, हे तिच्यात असते. टर्मिनलची कार्यप्रणाली, जिला यार्डात ‘टॉस’ म्हणतात, ती फाइल वाचून प्रत्येक कंटेनरला जागा नेमून देते: ब्लॉक, बे, रांग, थर. यार्डात कंटेनर रचणाऱ्या, टायरवर चालणाऱ्या आरटीजी क्रेनवरच्या ऑपरेटरला समोरच्या पडद्यावर पुढचे काम दिसते. ट्रेलर गेटवर आला की तीच प्रणाली त्याचा कागद तपासून कोणत्या ब्लॉकला जायचे ते सांगते.

पडदा काळा झाला की ऑपरेटर आंधळा होतो. आरटीजीच्या एका बेमध्ये साधारण सहा रांगा आणि चार-पाच थर असतात, म्हणजे चोवीस ते तीस कंटेनर. हवा असलेला सगळ्यात खाली असेल तर वरचे तीन-चार आधी हलवावे लागतात. कुठल्या बेमध्ये आहे हे माहीत असताना हे काही मिनिटांचे काम आहे. माहीत नसताना शोधत बसणे अशक्य, कारण शोधताना हलवलेला प्रत्येक कंटेनर स्वतः नवीन हरवलेला कंटेनर होतो.

हाताने मोजणी करता येते का? येते. हिशोब मांडून पाहू. समजा यार्डात १५,००० कंटेनर आहेत. दोन माणसांची एक जोडी मिनिटाला दोन नंबर वाचून लिहील. पंधरा जोड्या लावल्या तर तासाला १,८००. म्हणजे सव्वाआठ तास, एक पूर्ण पाळी आणि वर थोडे, आणि तेवढ्या वेळात एकही कंटेनर हलवायचा नाही. जूनअखेरीच्या पावसात, रात्री, बॅटरीच्या उजेडात ‘३’ चा ‘८’ होतो. कंटेनरच्या नंबरात चार अक्षरे आणि सात अंक असतात आणि सातवा अंक पहिल्या दहा चिन्हांवरून गणिताने काढलेला असतो. वहीतले नंबर कुठल्याही एका स्वच्छ लॅपटॉपवरच्या तक्त्यात भरून हा अंक जुळतो का पाहिले तर चुकून लिहिलेले बहुतेक नंबर लगेच पकडले जातात. ही युक्ती साधी आहे, पण ती आधी ठरवून तक्ता तयार ठेवलेला असेल तरच उपयोगी.

नंबर आणि जागा मिळाली तरी यादी पुरी होत नाही. निर्यातीच्या कंटेनरचे प्रमाणित वजन लागते. १ जुलै २०१६ पासून सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्या वजनाविना कंटेनर जहाजावर चढवता येत नाही, आणि वजन न कळता चढवला तर जहाजाचा तोल बिघडतो. धोकादायक मालाचा वर्ग कळायला हवा, कारण काही रसायने एकमेकांशेजारी ठेवायची नसतात. रीफर, म्हणजे थंडगार कंटेनरांना वीज मिळत राहते, पण कोणाचे तापमान उणे अठरा ठेवायचे आणि कोणाचे अधिक दोन, हे यादीत असते. मासळी आणि द्राक्षे एकाच नजरेने तपासून चालत नाही. यादी नसेल तर माणूस प्रत्येक रीफरजवळ जाऊन यंत्रावरचा आकडा वाचतो आणि दर पाळीला वहीत लिहितो.

दोन गाठी, एक समजून

त्या आठवड्यात अनेकांचा गोंधळ झाला तो इथे. अडवणूक एक नव्हती, दोन होत्या.

पहिली टर्मिनलची. जीटीआयच्या यार्डात असलेला माल, मग तो कोणत्याही जहाज कंपनीचा असो, अडकला. दुसरी जहाज कंपनीची. मर्स्कची बुकिंगची आणि कागदपत्रांची यंत्रणाही कोलमडली होती. आयातदाराला माल सोडवायला जहाज कंपनीची डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे ‘डीओ’ लागते. ती देणारा संगणक बंद असेल तर मर्स्कचा कंटेनर शेजारच्या धडधाकट टर्मिनलवर असला तरी हाती लागणे कठीण.

म्हणून सीएचएने, म्हणजे कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटाने, अशा वेळी पहिला प्रश्न विचारायचा तो ‘माल कुणाचा आणि उभा कुठे’ हा. लाइन, म्हणजे जहाज कंपनी, दुसरी आणि टर्मिनल बंद, तर टर्मिनलच्या हस्तलिखित व्यवस्थेत नंबर लावायचा. लाइन बंद आणि टर्मिनल चालू, तर लाइनच्या स्थानिक कार्यालयातून सही-शिक्क्याची कागदी डीओ मिळते का आणि टर्मिनल ती स्वीकारते का, हे पाहायचे. दोन्ही बंद, तर फक्त दिवस मोजायचे. आणि दिवसांना पैसे पडतात: मोफत दिवस संपले की टर्मिनलचे ग्राउंड रेंट, म्हणजे यार्डातल्या जागेचे भाडे, आणि लाइनचे डिटेन्शन, म्हणजे तिचा कंटेनर वेळेत परत न केल्याचा आकार.

यांतला पहिला दर सरकारी चौकटीतला होता. मेजर बंदरांचे दर तेव्हा ‘टॅम्प’ हे प्राधिकरण ठरवत असे. दुसरा मात्र खासगी करारातला. मर्स्कच्या बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल वाहून नेण्याच्या दस्तऐवजाच्या, अटी इंग्लंडचा कायदा आणि लंडनचे हायकोर्ट सांगतात. पनवेलच्या एखाद्या छोट्या आयातदाराने उरणच्या यार्डात अडकलेल्या मालासाठी लंडनला दाद मागायची, हे कागदावर शक्य आहे. प्रत्यक्षात तो बिल भरून मोकळा होतो. सार्वभौमत्व कमी होते म्हणजे काय होते, याचे यापेक्षा रोखठोक उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

कस्टम्सकडे पाहिले तर उलट चित्र. त्यांची संगणक व्यवस्था केंद्र सरकारची, तिला या व्हायरसने हात लावला नव्हता. बिल ऑफ एंट्री हा आयातीचा कस्टम्स अर्ज भरता येत होता, शुल्क भरता येत होते, ‘आउट ऑफ चार्ज’ हा माल सोडण्याचा हुकूम मिळू शकत होता. माल सोडायला राज्यसत्तेची हरकत नव्हती. गेट तरीही उघडत नव्हते. निर्यातीत ही गाठ आणखी आवळते. ‘लेट एक्स्पोर्ट’चा हुकूम मिळूनही जहाज सुटल्यावर लाइनने निर्यात जाहीरनामा भरेपर्यंत निर्यात पुरी मानली जात नाही आणि निर्यातदाराचा परतावा सुटत नाही. त्यातच चार दिवसांनी, १ जुलैला, जीएसटी लागू झाला आणि परताव्याची नवी पद्धत याच जाहीरनाम्याशी जोडली गेली. खेळते भांडवल बेताचे असलेल्यांना हा दुहेरी फटका होता.

हुकूम कुणाचा, किल्ली कुणाची

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मेजर बंदरे केंद्राच्या सूचीत, नोंद २७ मध्ये आहेत. जमीन बंदराची. ती कशी मिळाली हेही इथे विसरता येत नाही. नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघरला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. बंदरासाठी शेव्याचे कोळीवाडे उठले. जी सत्ता गावेच्या गावे हलवू शकली, तिला त्याच जमिनीवर तेहतीस वर्षांनी एक कंटेनर हलवता आला नाही. इथल्या माणसाला ही गोष्ट जास्त लागते, आणि लागायलाच हवी.

बंदर २६ मे १९८९ ला सुरू झाले. १९९० च्या दशकात मोठ्या बंदरांत गर्दी आणि जहाजांची खोळंबा-खोळंबी असह्य झाली आणि सरकारने १९६३ च्या मेजर पोर्ट ट्रस्ट कायद्यातल्या कलम ४२ च्या आधारे खासगी कंपन्यांना टर्मिनल चालवायला देण्याचे ठरवले. पहिला करार जुलै १९९७ मध्ये, पी अँड ओ या कंपनीच्या नेतृत्वाखालील गटाशी, ३० वर्षांसाठी. ते एनएसआयसीटी हे टर्मिनल. जीटीआयचा करार ऑगस्ट २००४ चा, तोही ३० वर्षांचा. त्यात मर्स्क समूहाचा वाटा ७४ टक्के आणि कॉन्कॉर या रेल्वेच्या सरकारी कंपनीचा २६ टक्के.

या २६ टक्क्यांवर थांबणे गरजेचे आहे. कंपनी कायद्यात विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मते लागतात, म्हणून २६ टक्केवाला असा ठराव रोखू शकतो. परकीय भागीदाराला वेसण म्हणून हा आकडा आपल्याकडे फार मानला जातो. पण २७ जूनला नकाराधिकाराचा काय उपयोग होता? सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड भागधारकांच्या सभेत ठरत नाही. नियंत्रण भागभांडवलातून निघून प्रणालीत गेले होते आणि आपले मोजमाप अजून भागभांडवलाचेच होते.

त्याच बंदरातले आणखी एक उदाहरण. २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने पी अँड ओ विकत घेतली. त्या सौद्यात अमेरिकेतली काही बंदर-टर्मिनलेही येत होती. अमेरिकी काँग्रेसमध्ये गदारोळ झाला, प्रतिनिधिगृहाच्या समितीने ६२ विरुद्ध २ मतांनी सौद्याविरुद्ध कौल दिला आणि डीपी वर्ल्डला अमेरिकेतला व्यवसाय विकून टाकावा लागला. एनएसआयसीटी मात्र त्याच सौद्यातून डीपी वर्ल्डकडे आले आणि राहिले. आम्ही दुबईच्या कंपनीविरुद्ध नाही, तिने टर्मिनल चांगले चालवले. मुद्दा एवढाच की वरच्या पातळीवर मालक बदलला तर विचारायचे कुणाला, हे अमेरिकेने ठरवून घेतले होते.

सरकारला काय करता आले

बंद पडल्याची बातमी फुटताच केंद्राच्या जहाज वाहतूक मंत्रालयाने निवेदन काढले. टर्मिनल हाताने काम करण्याचा प्रयत्न करत होते. बंदराने ट्रेलर उभे करायला जागा दिली, जहाजे शक्य तिथे शेजारच्या टर्मिनलांकडे वळवण्याची तयारी केली. ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने सावधगिरीच्या सूचना काढल्या. या सगळ्याची गरज होती, आणि मर्यादाही तिथेच दिसतात.

जहाज वळवणे सोपे वाटते. आयातीचा जाहीरनामा एका टर्मिनलच्या नावाने भरलेला असतो, तो दुरुस्त करावा लागतो. थेट बंदरातून माल नेणाऱ्यांचे ट्रेलर आधीच्या गेटसाठी ठरलेले असतात. निर्यातीचे कंटेनर मात्र बंद टर्मिनलच्या यार्डातच असतात, मग वळवलेले जहाज ते घेणार कसे? आणि शेजारच्या टर्मिनलकडे रिकामा धक्का पडलेला नसतो. वर्षाला १८ लाखांची क्षमता म्हणजे दिवसाला सुमारे ४,९०० टीईयू. तेवढा भार दुसरीकडे दोन-तीन दिवसांवर टाकला तर करळ फाट्यापासून गव्हाण फाट्यापर्यंत ट्रेलरची रांग लागायला वेळ लागत नाही, आणि ती सोडवायला नवी मुंबईचे वाहतूक पोलीस उभे राहतात. परिणाम शेवटी राज्याच्या रस्त्यावर येतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली सर्ट-इनला माहिती मागवण्याचा आणि निर्देश देण्याचा अधिकार आहे. कलम ७० खाली एखादी यंत्रणा ‘संरक्षित’ घोषित करता येते, आणि महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणांसाठी वेगळी राष्ट्रीय संस्था २०१४ पासून आहे. वाहतूक तिच्या कक्षेत येते. म्हणजे अधिकारांची वाण नव्हती. पण निर्देश द्यायचा कुणाला? उरणमधला व्यवस्थापक स्वतः परदेशातल्या पथकाची वाट पाहत होता.

इथे दुसरी बाजू मांडणे न्यायाचे आहे. ज्या जागतिक जोडणीमुळे रोग आला, त्याच जोडणीमुळे इलाजही लवकर झाला. मर्स्कचे जवळपास सगळे डोमेन कंट्रोलर, म्हणजे जाळ्यात कुणाला प्रवेश द्यायचा ते ठरवणारे सर्व्हर, पुसले गेले होते. घानामध्ये वीज गेल्याने एक बंद राहिला म्हणून वाचला, आणि त्याच्यावरून जाळे पुन्हा उभे राहिले. दहा दिवसांत हजारो संगणक नव्याने बसवण्याचे मनुष्यबळ एकट्या भारतीय टर्मिनल कंपनीकडे असते का? बहुधा नसते.

युद्ध की अपघात

महिनाभर आधी हा प्रश्न पुस्तकी वाटला असता. सायबर हल्ल्यांत राष्ट्रांनी काय पाळावे यावर संयुक्त राष्ट्रांचा तज्ज्ञगट काम करत होता, भारत त्याचा सदस्य होता, आणि त्याच जून महिन्यात तो गट एकमताशिवाय संपला. २०१५ च्या अहवालात ‘दुसऱ्या देशाच्या महत्त्वाच्या पायाभूत सुविधांना जाणूनबुजून इजा करू नये’ असे लिहिले होते, पण ते ऐच्छिक. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन, अमेरिका, डेन्मार्क आदी देशांनी रशियन लष्कराकडे उघड बोट दाखवले. रशियाने इन्कार केला. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर यंत्रणेच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. दोषारोप करणाऱ्या देशांत भारत नव्हता. मॉस्कोशी असलेले संबंध पाहता ते समजण्यासारखे आहे. पण बंदर आपले थांबले आणि कुणामुळे, हे ठरवण्याचे काम इतरांनी केले.

पैशांच्या बाजूनेही तेच. विमा पॉलिसीत युद्धाने झालेले नुकसान वगळलेले असते. विमा कंपन्यांनी नॉटपेट्याला ‘युद्धसदृश कृती’ म्हणून दावे नाकारले. मर्क या औषध कंपनीच्या खटल्यात न्यू जर्सीच्या न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये, आणि अपिलात २०२३ मध्ये, ते वगळकलम इथे लागू होत नाही असे ठरवले. दरम्यान लंडनच्या विमा बाजाराने पॉलिसींची भाषाच बदलून घेतली. आपल्याकडचे निर्यातदार सागरी विमा काढताना आता सायबरचे वगळकलम वाचत नसतील, तर त्यांनी आजच वाचावे.

मालकी आपली असती तर?

हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि त्याचे उत्तर त्याच बंदराने दिले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये जेएनपीसीटी, म्हणजे बंदराच्या स्वतःच्या मालकीच्या टर्मिनलवर सायबर हल्ला झाला, त्याची माहिती प्रणाली बंद पडली आणि जहाज दुसरीकडे वळवावे लागले. तिथे परकीय भागीदार नव्हता. म्हणून ‘परकीयांना बाहेर काढा’ हे उत्तर अपुरे आहे. त्याच वर्षी ते टर्मिनलही ३० वर्षांसाठी खासगी गटाकडे गेले आणि बंदर पूर्णपणे ‘जमीनमालक बंदर’ झाले. एकही कंटेनर टर्मिनल स्वतः चालवत नाही, भाडे आणि वाटा घेते. २०१७ मध्ये निदान एक टर्मिनल बंदराच्या हातात होते, कसोटीच्या वेळी वळवायला. आता तेही नाही. आमच्या मते या बदलाची चर्चा जितकी व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

करारात काय हवे

यादीची प्रत. सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्वस्त. दर चार तासांनी यार्डाची संपूर्ण नोंद बंदर प्राधिकरणाच्या अशा यंत्रणेत उतरावी जी ऑपरेटरच्या जाळ्याचा भाग नाही: नंबर, जागा, लाइन, वजन, धोक्याचा वर्ग, रीफरचे तापमान, कस्टम्सची स्थिती. वाट एकेरी हवी, माहिती येईल पण परत काही जाणार नाही, म्हणजे रोगही पलीकडे जाणार नाही. शिवाय प्रत्येक पाळी बदलताना छापील प्रत. १५,००० ओळी, पानाला ५० धरल्या तर ३०० पाने. एवढाच कागद.

चार तासांची यादी शिळी नसेल का? थोडी असेल. दिवसाचे ४,९०० टीईयू म्हणजे सुमारे ३,३०० कंटेनर, चार तासांत साधारण ५५० धक्क्यावरून, तितकेच गेटमधून, आणि आतली उलथापालथ. धरून चालू १,५००. म्हणजे दहातल्या नऊ नोंदी खऱ्या. हाताने मोजणी उरलेल्या दहाव्या भागाचीच करावी लागते, आणि ती सव्वाआठ तासांऐवजी तासाभरात आटोपते.

ऑपरेटरचे आक्षेप ठरलेले आहेत. कोणत्या लाइनचा किती माल, हे व्यापारी गुपित आहे. खरे आहे, म्हणून प्रत कुलूपबंद ठेवावी आणि ती उघडायला बंदर आणि कस्टम्स अशा दोन किल्ल्या लागाव्यात. दुसरा आक्षेप, एका टर्मिनलसाठी वेगळी व्यवस्था केली तर जागतिक प्रणालीची देखभाल अवघड होते. हाही खोटा नाही. पण इथे राष्ट्राने हट्ट धरावा. ॲडमिनची खाती इथल्या टर्मिनलसाठी वेगळी असावीत, मुख्यालयाच्या पासवर्डने इथली दारे उघडू नयेत, आणि एक बॅकअप कायम तारेविना, कपाटात.

सराव त्याहून महत्त्वाचा. वर्षातून दोनदा, एक गेट, एक ब्लॉक, एक पाळी, संगणकाविना. पहिल्या सरावात नेहमीच्या दहाव्या हिश्श्याइतकेच काम झाले तरी चालेल. अडते ते ठरलेल्या जागी: कागदी डीओवर सही कुणाची चालते हे गेटवरच्याला माहीत नसते, सीआयएसएफच्या जवानाला हस्तलिखित गेट पास दाखवला तर तो योग्यच अडवतो, आणि वॉकी-टॉकीच्या बॅटऱ्या चार्ज केलेल्या नसतात. हे सगळे सरावात कळलेले बरे.

बंदच्या दिवसांचे ग्राउंड रेंट आपोआप थांबावे, त्यासाठी अर्ज करायला लागू नये. वरच्या पातळीवर मालक बदलला तरी बंदराची संमती घ्यावी. आणि यंत्रणा बंद पडली तर ठरावीक तासांनी बंदराला यार्डात स्वतः उतरण्याचा हक्क असावा. दिवसांनी नव्हे. अशा करारांत ऑपरेटर कसूर करतो तेव्हा नोटीस, मग मुदत, मग पुढची कारवाई, असा क्रम असतो. नाशवंत मालाला तो क्रम परवडत नाही.

चालू करारांत हे घुसवणे सोपे नाही. मध्येच अटी बदलल्या तर ऑपरेटर नुकसानभरपाई मागतो आणि गुंतवणूक-संरक्षण करारांखाली परदेशी लवादाकडे जाण्याची वाटही काहींना असते. २०११ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने भारताविरुद्ध असा लवाद जिंकला, तोही आपल्या न्यायालयांतल्या विलंबाच्या मुद्द्यावर. त्यानंतर भारताने बहुतेक जुने करार संपवण्याच्या नोटिसा दिल्या, पण आधीच्या गुंतवणुकीला ते सहसा दहा-पंधरा वर्षे संरक्षण देत राहतात. म्हणून चालू टर्मिनलांसाठी करारापेक्षा कायद्याची वाट बरी. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी ती चालते हे दाखवले: घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचे, यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस भारतात ठेवायच्या. हे सर्वांना सारखे लागू आहे, त्यासाठी कुणाची संमती मागावी लागली नाही. यार्डाच्या यादीची प्रत याच पद्धतीने, मेजर बंदरांतल्या प्रत्येक टर्मिनलला, मागता येईल.

एनएसआयसीटीचा १९९७ चा करार २०२७ मध्ये संपतो, जीटीआयचा त्यानंतर सात वर्षांनी. पहिल्याच्या पुढच्या कराराचा मसुदा होईल तेव्हा बोली महसुलाच्या वाट्यावर लागेल आणि सगळ्यांचे लक्ष त्या टक्केवारीवर असेल. यादी, सराव आणि वेगळ्या किल्ल्यांचे परिशिष्ट निविदेच्या पहिल्या मसुद्यातच जोडलेले असावे, म्हणजे त्याचा खर्च धरूनच बोली येईल.